महासागराची बोट, खाडीतला प्रवास

अमेरिकेत मुले मार्गी लागलेल्या, घराचे हप्ते फिटलेल्या आणि निवृत्तीचे दिवस मोजू लागलेल्या काही जोडप्यांना एक ठरावीक स्वप्न पडू लागते. घर भाड्याने द्यायचे, ट्रॉलर घ्यायची आणि वर्षातले निदान चार महिने पाण्यावर काढायचे. ही ट्रॉलर म्हणजे ससून डॉकला किंवा मिरकरवाड्याला मासळी उतरवणारी नव्हे. हिच्यावर जाळी नसतात, बर्फाचा खण नसतो. आत एक-दोन झोपायच्या खोल्या, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर आणि चार माणसांना बसता येईल असा दिवाणखाना असतो. बांधा मात्र मासेमारी बोटीचाच: उंच नाळ, जड बूड, पुढे उंचावर सुकाणूची केबिन आणि पोटात सावकाश धडधडणारे डिझेल इंजिन.

स्वप्नाला हरकत घेण्याचे कारण नाही. हरकत आहे ती त्या स्वप्नापायी निवडल्या जाणाऱ्या पहिल्या बोटीला. नवखा ग्राहक जगप्रवासाचे चित्र डोळ्यांसमोर ठेवून महासागर ओलांडू शकेल अशी बोट घेतो आणि पुढची पाच वर्षे ती घरापासून दोन दिवसांच्या अंतरावरच्या बेटांत फिरवतो. पैसा जातो पोलादात, टाक्यांत आणि यंत्रांत. शिकायला आणि फिरायला उरतो तो उरलासुरला.

ट्रॉलर हळू चालते, पण त्याला इंजिनाचा अशक्तपणा कारण नसतो. पाणी बाजूला सारत जाणारी बोट स्वतःच एक लाट उभी करते. वेग वाढेल तशी ती लाट लांबत जाते आणि बोटीएवढी लांब झाली, की बोटीला आपणच उभ्या केलेल्या लाटेचा चढ चढावा लागतो. पाण्यालगतच्या लांबीचे फुटांतले वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणले, की ही मर्यादा नॉटमध्ये मिळते. लांबी ३६ फूट असेल तर ८ नॉट. त्या शेवटच्या नॉटसाठी डिझेल अक्षरशः ओतावे लागते. तोच नॉट सोडून दिला तर या आकाराची बोट ताशी सात-आठ लिटरमध्ये चालते. सात नॉट म्हणजे ताशी १३ किलोमीटर, सायकलवरून निवांत निघालेल्या माणसाचा वेग. तेवढ्याच लांबीची वेगवान मोटरबोट पाण्यावर उचलली जाऊन २० नॉटने पळू लागली, की ताशी शंभर लिटरच्या घरात तेल पिते. ज्याला घाई आहे त्याने ती घ्यावी आणि पंपावर कुरकुर करू नये.

या संथपणाचे गणित लोकांसमोर नीट मांडले ते रॉबर्ट बीब या अमेरिकी नौदलातल्या निवृत्त कॅप्टनने. शिडाशिवाय, इंजिनाच्या बळावर लहान बोटीतून महासागर ओलांडता येईल का, हा त्यांचा प्रश्न होता. त्यासाठी त्यांनी ‘पॅसेजमेकर’ नावाची ५० फुटी बोट आखली, १९६३ मध्ये ती सिंगापूरच्या गोदीतून पाण्यात उतरवली आणि ग्रीसपर्यंत नेली. सत्तरच्या दशकात त्यांचे ‘व्हॉयेजिंग अंडर पॉवर’ हे पुस्तक आले. त्याचे सार कोणत्याही कंजूष माणसाला पटेल असे आहे: वेग थोडा सोडा, पल्ला खूप वाढतो.

‘पॅसेजमेकर’ बांधली गेली साधारण त्याच काळात हाँगकाँगमध्ये अमेरिकन मरीन या कारखान्याने ‘स्प्रे’ ही ३६ फुटी बोट बांधली आणि तिच्यातून पुढे ‘ग्रँड बँक्स’ ही मालिका निघाली. न्यूफाउंडलंडजवळच्या प्रसिद्ध मासेमारी क्षेत्राचे नाव तिला दिले होते, तरी तिचा स्वभाव किनाऱ्याचा होता. मोठ्या खिडक्या, वर उघड्यावर बसून बोट हाकायची जागा, उथळ बूड, बेताच्या टाक्या. १९७३ पर्यंत या बोटी लाकडी होत्या, नंतर फायबरग्लासच्या झाल्या. आज ‘ट्रॉलर’ म्हटल्यावर अमेरिकी माणसाच्या डोळ्यांसमोर बहुतेक वेळा येते ती हीच किंवा तैवानमध्ये तिच्या धर्तीवर बांधलेली एखादी.

म्हणजे वाटा दोन आहेत. एक बीब यांची महासागराची, दुसरी ग्रँड बँक्सची किनाऱ्याची. सगळा घोटाळा होतो तो पहिल्या वाटेचे स्वप्न पाहत दुसऱ्या वाटेवर चालायचे असते म्हणून.

महासागरी बोटी खोट्या आहेत असे कोणी म्हणणार नाही. कॅलिफोर्नियातल्या एका कंपनीच्या ‘नॉर्डहॅवन’ या मालिकेतील ४० फुटी बोटीने २००१-०२ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली. २००४ मध्ये १८ बोटींचा तांडा फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलहून निघून बर्म्युडा आणि अझोर्समार्गे जिब्राल्टरला पोहोचला. कौतुक वाटावे अशीच ही कामगिरी. पण अशा बोटीच्या खिडक्या लहान आणि जाड काचेच्या असतात, दारे पाणीबंद असतात, तळात वजन भरलेले असते, मुख्य इंजिन बंद पडले तर घर गाठण्यासाठी वेगळे छोटे इंजिन असते, समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र असते, डोलणे कमी करणारे पंख असतात. यातल्या प्रत्येक वस्तूची देखभाल करावी लागते, मग समुद्र ओलांडा किंवा शनिवार-रविवार शेजारच्या बेटावर जा. शिवाय खोल बुडामुळे उथळ, निवांत जागा हुकतात. नवी नॉर्डहॅवन घ्यायची तर हिशेब दशलक्ष डॉलरच्या पुढे जातो. सत्तरच्या-ऐंशीच्या दशकातली ३६ फुटी किनारी ट्रॉलर बऱ्या मोटारीच्या किमतीत मिळू शकते.

अमेरिकी धक्क्यांवर यावर एक ठरलेला प्रतिवाद ऐकू येतो: शेवटी जी बोट घ्यायची आहे तीच आधी घ्या, मधल्या बोटी विकण्या-घेण्यात दलाली आणि कर फुकट जातात. हिशेब चुकीचा नाही. विकणाऱ्याला दलालाचे साधारण १० टक्के द्यावेच लागतात. पण या सल्ल्यात एक गृहीतक दडलेले आहे की नवख्या माणसाला आपली शेवटची बोट कोणती, हे ठाऊक असते. ते ठाऊक नसते. त्याला अजून हेही कळलेले नसते, की आपल्या सहचराला रात्री नांगरावर झोप लागते का, जिना रोज वीसदा चढणे गुडघ्यांना झेपते का, आणि मुळात दोघांना इतक्या छोट्या जागेत महिनाभर एकमेकांचा सहवास सोसतो का. या प्रश्नांची उत्तरे स्वस्त बोटीवर मिळालेली बरी.

स्वस्त बोट म्हणजे डोळे झाकून घ्यायची बोट, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. जुन्या ट्रॉलरचे आजार ठरलेले आहेत आणि ते शोधून काढणे ही स्वतंत्र विद्या आहे.

पहिला आजार सागाचा. हाँगकाँग आणि तैवानच्या कारखान्यांना साग सहज मिळत होता, त्यामुळे त्यांनी फायबरग्लासच्या डेकवर वरून सागाच्या पट्ट्या शेकडो स्क्रूंनी ठोकल्या. दिसायला देखणे. तीस-चाळीस वर्षांनी प्रत्येक स्क्रूचे भोक पाण्याची वाट बनते. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये प्लायवूड किंवा लाकूड भरलेले असते; ते भिजते, सडते आणि चालताना पायाखाली किंचित दबते. पाणी तिथून खिडक्यांच्या चौकटींत, तिथून आतल्या फळ्यांत उतरते. नवीन वॉर्निश चोपडून हे सगळे झाकता येते, आणि विक्रेते ते झाकतातही. म्हणून बोट पाहायला भर पावसात जावे. सिएटलमध्ये हा योग साधायला फार थांबावे लागत नाही.

दुसरा आजार टाक्यांचा. या बोटींत डिझेलच्या टाक्या बहुधा साध्या लोखंडाच्या. डेकवर तेल भरायच्या तोटीभोवतीचा सांधा गळू लागला, की पावसाचे पाणी टाकीच्या डोक्यावर साचते आणि लोखंड वरून खाल्ले जाते. टाकी बदलायची तर ती इंजिनाच्या बाजूला अशी बसवलेली असते, की कधीकधी इंजिनच उचलावे लागते. बोटीच्या किमतीइतका खर्च त्या एका कामात होऊ शकतो.

तिसरी गोष्ट इंजिनाची, आणि इथे बातमी बरी आहे. त्या काळातल्या असंख्य ट्रॉलरमध्ये ‘फोर्ड लेहमन’चे सहा सिलिंडरचे, १२० अश्वशक्तीचे इंजिन आहे. मूळ फोर्डचे, रस्त्यावर आणि शेतात राबणारे. लेहमन कंपनीने त्याला पाण्यावर चालण्याजोगे केले. सात नॉटला त्याच्याकडून जेमतेम चाळीस अश्वशक्ती घेतली जाते, त्यामुळे ते दमत नाही आणि दशकानुदशके चालते. त्याची एक खोड मात्र माहीत हवी. डिझेल फवारणाऱ्या पंपात वेगळे वंगण असते आणि ते दर ५० तासांनी बदलायचे असते. मालकाला याबद्दल विचारावे. तो गोंधळला, तर बाकीच्या देखभालीची कल्पना आपोआप येते.

या सगळ्यासाठी सर्व्हेअर नावाचा माणूस असतो. त्याची फी ग्राहकाने द्यायची आणि त्याची निवडही ग्राहकानेच करायची. दलालाने सुचवलेल्या पहिल्याच नावावर शिक्का मारू नये. ओलावामापक यंत्र आणि छोटा हातोडा घेऊन तो बोटीचा इंच-इंच ठोकत फिरतो. घट्ट जागेचा आवाज टणक येतो, सडलेल्या जागेचा बद्द. बोट क्रेनने पाण्याबाहेर काढून बूड, पंखा आणि सुकाणू तपासले जातात. इंजिनासाठी वेगळा मेकॅनिक लावावा आणि वंगणाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. त्यात सापडणाऱ्या धातूंवरून आतला कोणता भाग झिजतो आहे ते कळते. मग समुद्रावर चाचणी. रीत अशी, की किंमत ठरल्यावर सुमारे १० टक्के अनामत भरायची आणि तपासणीचा अहवाल पाहून सौदा पुढे न्यायचा की मोडायचा हे ठरवायचे. तपासणीला गेलेले पैसे वाया गेले म्हणून सडकी बोट घेणारे लोक आहेत. त्यांना काय म्हणावे!

एक इंजिन की दोन, हा वाद धक्क्यावर राजकारणापेक्षा जास्त रंगतो. दोन असली की एक बंद पडले तरी घरी येता येते, हे खरे. पण ट्रॉलरचे इंजिन भर समुद्रात बंद पडते ते बहुधा तेलातल्या कचऱ्यामुळे. वर्षानुवर्षे टाकीच्या तळाशी बसलेला गाळ पहिल्या मोठ्या लाटांत ढवळला जातो, गाळणी तुंबते आणि इंजिन श्वास सोडते. दोन्ही इंजिने त्याच टाक्यांतून पीत असतील तर दोन्ही सोडतात. एका इंजिनाच्या बोटीत पंखा कण्याच्या मागे, सुरक्षित असतो. तरंगत्या ओंडक्याची धडक आधी कण्याला बसते. शिवाय एकाच इंजिनाभोवती हात घालायला जागा असते, आणि जिथे हात पोहोचतो तिथली देखभाल होते. नवख्याने एकच इंजिन घ्यावे, जास्तीच्या गाळण्या बाळगाव्यात, त्या स्वतः बदलायला शिकावे आणि बोटी ओढून आणणाऱ्या सेवेची वार्षिक वर्गणी भरून ठेवावी.

विकत घेण्याआधी आठवडाभर भाड्याने घ्यावी, हे सांगायला नको. तरी ते फार थोडे लोक करतात. वॉशिंग्टन राज्यातले अ‍ॅनाकोर्टेस हे गाव त्यासाठी सोयीचे आहे. तिथे ट्रॉलर भाड्याने मिळतात, हवा असल्यास सोबत शिकवणारा कप्तानही मिळतो. आणि शिकायचे काय, तर मोकळ्या पाण्यात सुकाणू धरणे नव्हे. ते शाळकरी मुलालाही जमते. खरी परीक्षा धक्क्याला लागताना होते. वीस-पंचवीस हजार पौंड वजनाच्या बोटीला ब्रेक नसतो. पंखा उजवीकडे फिरणारा असेल, तर गिअर मागे टाकताच बोटीचा मागचा भाग डावीकडे सरकतो. नवख्याला याची भीती वाटते. मुरलेला चालक त्याचाच उपयोग करून बोट डाव्या कुशीने अलगद धक्क्याला टेकवतो. फरक पडतो तो सरावाने. आणि सराव दोघांनीही करायला हवा. नवऱ्याने सुकाणू धरायचे आणि बायकोने दोरी घेऊन उडी मारायची, ही अमेरिकी धक्क्यांवरची जुनी वाटणी आहे, आणि अनेक बोटी विक्रीला निघण्याचे तेही एक कारण असावे.

अ‍ॅनाकोर्टेससमोर पसरलेली सान हुआन बेटे म्हणजे या बोटींसाठीच घडवलेला प्रदेश. पाणी आडोशाचे, नांगर टाकायच्या जागा असंख्य, उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत उजेड. पण भरती-ओहोटी इथे धाक दाखवते. डिसेप्शन पास या अरुंद वाटेतून पाणी ८ नॉटपर्यंतच्या वेगाने धावते. सात नॉटच्या बोटीने त्याच्याविरुद्ध इंजिन पूर्ण जोरात लावले, तरी काठावरची झाडे पुढे सरकताना दिसतील. त्यामुळे तक्ता पाहून पाणी स्तब्ध होण्याची वेळ गाठायची. कोकणातल्या कोणत्याही तांडेलाला हे शिकवावे लागणार नाही. ऑफिसात आयुष्य घालवलेल्या माणसाला मात्र निसर्गाने दिलेली वेळ पाळणे जड जाते. उत्तरेला कॅनडातल्या सीमोर नॅरोजमध्ये हाच प्रवाह १५ नॉटच्या आसपास जातो. तिथे पाण्याखाली रिपल रॉक नावाचा खडक होता. त्याने इतक्या बोटी गिळल्या, की ५ एप्रिल १९५८ रोजी तो सुरुंग लावून उडवण्यात आला. प्रवाह अर्थातच राहिला.

नियमही पाळावे लागतात. सिएटलजवळच्या प्युजेट साउंडमध्ये २०१८ पासून बोटीतला मैला पाण्यात सोडायला बंदी आहे. तो टाकीत साठवून धक्क्यावरच्या पंपाने उपसून घ्यावा लागतो. इथल्या दक्षिणी कुळातल्या, संख्येने फार थोड्या उरलेल्या ओर्का देवमाशांपासून २०२५ पासून एक हजार यार्ड दूर राहणे राज्याच्या कायद्याने बंधनकारक आहे. १ जानेवारी १९५५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला १५ किंवा त्याहून जास्त अश्वशक्तीची बोट चालवायची, तर प्रशिक्षणाचे कार्ड खिशात लागते.

देशाच्या दुसऱ्या टोकाला ‘ग्रेट लूप’ आहे आणि जुन्या किनारी ट्रॉलरच्या बाजूने त्याहून मोठा पुरावा नाही. फ्लोरिडाहून किनाऱ्याआतल्या जलमार्गाने उत्तरेला न्यूयॉर्क, हडसन नदी, कालवे, मोठी सरोवरे, शिकागो, इलिनॉय आणि मिसिसिपी, मग ओहायो आणि टेनेसी नद्यांतून १९८५ मध्ये खुल्या झालेल्या टेनेसी-टॉम्बिग्बी जलमार्गाने ‘मोबाईल’ नावाचे बंदर आणि मेक्सिकोच्या आखातातून परत फ्लोरिडा. सुमारे सहा हजार मैल. लोक तो वर्षभर सावकाश करतात आणि पूर्ण झाला की बोटीवर सोनेरी झेंडा लावतात. यात महासागर ओलांडावा लागत नाही, मात्र इलिनॉयमध्ये एक रेल्वेपूल आहे, त्याखाली उंची जेमतेम साडेएकोणीस फूट. उंच, रुबाबदार समुद्री बोट तिथे अडते. ३६ फुटी ग्रँड बँक्स डोलकाठी आडवी करून निघून जाते.

खर्चाबाबत एक ढोबळ नियम सांगितला जातो: बोटीच्या किमतीच्या १० टक्के दरवर्षी. जुन्या बोटीला हा नियम फसवतो. धक्क्याचे भाडे लांबीवर आकारले जाते, किमतीवर नव्हे. तळाला लावायचा रंग, गंज स्वतःवर घेणारे जस्ताचे तुकडे, पाण्याबाहेर काढण्याचा खर्च, यांपैकी कशालाच बोट स्वस्तात मिळाल्याची दखल नसते. विमा कंपनी तर जुन्या बोटीसाठी दर काही वर्षांनी नवा सर्व्हे मागते. म्हणून किमतीइतकीच, किंबहुना तिच्याहून जास्त रक्कम पहिल्या दोन वर्षांसाठी बाजूला ठेवलेली असावी. पन्नास हजारांच्या बोटीबाबत ते शक्य असते. दशलक्षाच्या बोटीबाबत कोण ठेवणार?

हे वाचताना कोकण आठवणे साहजिक आहे. महाराष्ट्राला शेकडो किलोमीटरचा किनारा आहे आणि बोटी बांधण्याचे कसबही जवळच आहे. नौदलातल्या दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये ज्या ‘म्हादेई’ बोटीवरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती गोव्यात दिवाडी बेटावरच्या गोदीत बांधलेली. पण मुंबईत खासगी बोटी गेटवेसमोर उघड्या पाण्यात उभ्या असतात आणि पावसाळा समुद्र बंद करतो. धक्क्याला बांधून वीज-पाणी घ्यावे आणि रात्री निर्धास्त झोपावे, अशा जागांची साखळी मुंबई ते गोवा उभी राहत नाही, तोवर ट्रॉलरवरचे राहणे इथे रुजणार नाही.

सिएटल परिसरात स्थायिक झालेल्या मराठी माणसांना ही अडचण नाही. त्यांना अडवतात ते कागद. अमेरिकी कोस्ट गार्डकडची राष्ट्रीय नोंदणी फक्त नागरिकाच्या मालकीच्या बोटीला मिळते. ग्रीनकार्डधारकाला राज्याच्या नोंदणीवर भागवावे लागते, आणि घरापाशीच्या पाण्याला ती पुरते. सान हुआन बेटे ओलांडून कॅनडाच्या गल्फ बेटांत जायचे, तर एच-१बी व्हिसावरच्या भारतीय पासपोर्टधारकाला कॅनडाचा व्हिसा आधी काढावा लागतो. अमेरिकेच्या पाण्यात व्हीएचएफ रेडिओला परवाना लागत नाही, पण सीमा ओलांडताच बोटीचा आणि रेडिओ हाताळणाऱ्याचा असे दोन परवाने लागतात. परत येताना फ्रायडे हार्बर किंवा रोश हार्बरसारख्या बंदरात सीमाशुल्क खात्याकडे नोंद करावी लागते. पहिल्या उन्हाळ्यात एवढा व्याप करण्याची गरज नाही. सान हुआनमधल्याच सूशिया बेटाच्या खाडीत नांगर टाकला, तर कॅनडाची बेटे समोर दिसतात आणि कोणी पासपोर्ट मागत नाही.